तळघरातला पावसाळा

तीन आठवड्यांपूर्वी शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन तळघरात उतरलो आणि अर्ध्या जिन्यातच वास आला. ओल्या गोणपाटासारखा. न्यू जर्सीतल्या या जुन्या भाड्याच्या घराचं तळघर म्हणजे माझं वर्कशॉप (एक टेबल, दोन करवती, उत्साह भरपूर). तिथे मेपलच्या सहा फळ्या ठेवल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे बाळ येणार आहे आणि पाळणा मी स्वतः करणार, असं गावभर सांगून बसलोय. बघतो तर फळ्यांवर हिरवट-काळी बुरशी!

लगेच बाबांना फोन. कोकणातल्या घरी त्यांनी जन्मभर लाकूड सांभाळलंय. "जमिनीला टेकवून ठेवलंस ना? खाली विटा घाल, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घाल, भिंतीपासून लांब सरकव. आणि खिडक्या उघड, वारा लागू दे."

सगळं केलं, वर पंखाही लावला. पुढच्या शनिवारी बुरशी दुप्पट.

आता आम्ही पडलो इंजिनियर. आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं. तळघरात ८५ टक्के! मग डोक्यात प्रकाश पडला. बाहेर ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा २४ अंशांपर्यंत थंड झाली की पाणी सोडायला लागते. आमच्या तळघराच्या भिंती २० अंशांच्या. म्हणजे खिडकी उघडून मी वारा नाही, पाणीच आत घेत होतो. बग शोधायला गेलो आणि बग मीच :)

खिडक्या बंद केल्या, हवेतलं पाणी ओढणारं यंत्र लावलं. पहिल्या दिवशी बादलीभर पाणी निघालं. आता आकडा ५० च्या आत आहे. फळ्या अंगणात नेल्या, तोंडाला एन-९५ मास्क लावून साबणाच्या पाण्याने ब्रशने घासल्या आणि वाळवल्या. कोरडी बुरशी झाडायची नाही, तिचे कण हवेत उडतात. मग प्रत्येक फळीत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. पाच टणक निघाल्या. वरवरची बुरशी लाकूड पोखरत नाही, डाग रंध्यात निघून जातात. सहावी, जी थेट काँक्रीटवर होती, ती मात्र मऊ लागली. कुजायला लागली होती. टाकून दिली.

हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "लाकूड मजबूत आहे, पटलं. पण मी रात्री उठून त्या पाळण्याचा वास घेत बसेन, त्याचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला. पण रात्री झोप लागेना तेव्हा लक्षात आलं, वास मीही घेतला असता.

तर पाळण्यासाठी नवीन लाकूड येतंय, आणि ते तळघरात नाही, हॉलमध्ये सोफ्यामागे राहणार आहे. जुन्या पाच फळ्यांचं पुस्तकांचं शेल्फ होईल.

बाबांना सांगितलं, "खिडक्या बंद केल्या तेव्हा कुठे बुरशी थांबली." ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे पाऊस घरात पडतो म्हणायचा!"

असो. बादली भरलीय, ओतून येतो.