कुणाचीच नसलेली नंबरप्लेट

आपल्याकडे गाडीची नंबरप्लेट बोलते. ४१४१ चे आकडे वळवून वळवून त्यांचा ‘दादा’ करायचा, पोलिसाने पावती फाडली तरी हौस सोडायची नाही. बोस्नियात मात्र नंबरप्लेटने तोंड उघडू नये म्हणून खटपट करावी लागली.

१९९५ च्या डेटन कराराने तिथलं युद्ध थांबलं. देश एक राहिला, पण आत दोन हिस्से: बोस्नियाक (तिथले मुस्लिम) आणि क्रोएटांचं फेडरेशन, आणि सर्बांचं रेपुब्लिका सर्प्स्का. गाड्यांवर ज्याच्या त्याच्या खुणा. प्लेट पाहिली की आतला माणूस कुठल्या बाजूचा, हे लांबूनच कळे. कागदावर कुठेही जायची मुभा होती. पण आपल्या प्लेटची गाडी पलीकडच्या गावात न्यायला कोण धजावणार?

१९९८ मध्ये सगळ्यांना एकच प्लेट मिळाली. तिच्यावर गावाचा संकेत नाही, चिन्ह नाही. सुरुवातीला तीन आकडे, एक अक्षर, पुन्हा तीन आकडे. ते अक्षरही पारखून घेतलेलं. रोमन आणि सिरिलिक, दोन्ही लिप्या तिथे चालतात. रोमन ‘पी’ सिरिलिकमध्ये ‘र’ वाचला जातो, ‘एच’चा ‘न’ होतो, ‘सी’चा ‘स’. ही सगळी बाद. दोन्हीकडे रूपही तेच आणि उच्चारही तोच अशी सातच अक्षरं वापरायला काढली: ए, ई, जे, के, एम, ओ, टी. हे ज्या कुणाच्या कारकुनी डोक्यातून निघालं, त्याला माझा नमस्कार. माणसं पुन्हा हद्द ओलांडून जाऊ लागली, त्यात या मुक्या पत्र्याचा वाटा मोठा.

ध्वजाचं एवढं सरळ झालं नाही. १९९२ च्या ध्वजावर लिलीची फुलं होती, मध्ययुगीन कोट्रोमानिच राजघराण्याची. खरं तर तो वारसा साऱ्या बोस्नियाचा. पण युद्धात बोस्नियाक सैनिकांनी तीच फुलं मिरवली, आणि मग सर्ब-क्रोएटांच्या लेखी ती परक्यांची झाली. नव्या ध्वजावर संसदेचं जमेना. अखेर फेब्रुवारी १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रतिनिधी कार्लोस वेस्टेनडॉर्प यांनी तो लादलाच. त्याच महिन्यात नागानोचं हिवाळी ऑलिंपिक होतं, खेळाडूंच्या हाती काहीतरी द्यायला हवंच होतं. निळं कापड, पिवळा त्रिकोण, कडेने पांढऱ्या ताऱ्यांची तिरपी रांग; वरचा आणि खालचा तारा चक्क अर्धा कापलेला. एखाद्या बँकेचं बोधचिन्ह शोभावं असा.

त्याला निर्जीव म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. फुटबॉलच्या सामन्यांत लिलीचा जुना ध्वज अजून फडकतो, रेपुब्लिका सर्प्स्कातल्या बान्या लुकात सर्बांचा तिरंगी. माझं मत वेगळं आहे. जीव ओवाळून टाकावा अशा निशाणांची त्या देशाला कधीच टंचाई नव्हती. कुणी हाती धरलं तर शेजाऱ्याच्या पोटात गोळा येणार नाही, असं एखादं हवं होतं. ते आवडलंच पाहिजे, हा हट्ट कशाला?

राष्ट्रगीतही याच वाटेने गेलं. बान्या लुकाच्या दुशान शेस्तिच यांची धून १९९९ मध्ये स्वीकारली, शब्दांविना. शब्द कुठल्या बाजूचे घ्यायचे, हा प्रश्नच मिटला. पुढे २००९ मध्ये संसदेच्या एका समितीने शब्दांनाही पसंती दिली, पण त्यांच्यावर अंतिम मोहोर काही उमटली नाही. ते फडताळात पडून आहेत, तेच बरं.