बोलकी चूक, मुकी चूक

मराठीच्या अध्यापकाने कंपायलरच्या वाटेला जाऊ नये, हे खरे. आम्ही गेलो तो नाइलाज म्हणून. मुळशी तालुक्यातील एका वाडीत आमच्या दिवंगत सहकाऱ्याने तीस वर्षांपूर्वी टिपून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे टंकलिखित बाड आमच्यापाशी होते. प्रत एकच, आणि पान उलटावे तर कोपरा हातात येई. गाणाऱ्या बायांपैकी आता कोणी उरलेली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी मुळशीपासून दूरदूरच्या गावांतून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्या आज सर्वांना खुल्या आहेत. आमचे बाड मात्र त्या संग्रहाबाहेरचे.

छायाचित्रातील अक्षरे ओळखणारी ‘टेसरॅक्ट’ ही आज्ञावली ह्यूलेट-पॅकार्डमध्ये घडली आणि 2005 मध्ये सर्वांसाठी मुक्त झाली. आमच्या जुन्या संगणकावर तिची तयार मिळणारी आवृत्ती जुनीच होती. 2021 मध्ये आलेली पाचवी आवृत्ती हवी, तर मूळ संहितेवरून ती स्वतः बांधणे भाग होते.

बांधणीपूर्वीच्या तपासणीने प्रथम ‘लेप्टोनिका’ नावाचे सहायक ग्रंथालय मागितले. तेही आम्ही मूळ संहितेवरून बांधले. मग तपासणी म्हणाली, तुमचा कंपायलर जुना आहे. त्याला सी प्लस प्लसचे 2017 चे व्याकरण येत नाही. आम्ही शहाणपणा केला आणि तपासणीची ती ओळच खोडली. परिणामी पडद्यावर शेकडो तक्रारींचा पूर लोटला. आम्ही शेवटची ओळ वाचत बसलो. ती केवळ ‘एरर 1’ म्हणत होती, म्हणजे काम फसले, एवढेच. दोन संध्याकाळी अशा गेल्यावर उमगले की वाचायची ती पहिली तक्रार. उरलेल्या बहुतेक तिची संतती. एक शब्द ठाऊक नसलेला वाचक तो शब्द येईल त्या प्रत्येक वाक्यात अडखळतो, तसेच हे. नवा कंपायलर बसवताच पूर ओसरला.

बांधणी विनातक्रार पार पडली. पहिले पान दिले, तर उत्तर आले: ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’. पीएनजी चित्रे उघडणाऱ्या ग्रंथालयाच्या हेडर फाइली संगणकावर नव्हत्या. लेप्टोनिकाने आपल्या गोषवाऱ्यात त्यापुढे ‘नाही’ असे लिहिले होते आणि ती त्याविना बांधली गेली होती. गोषवारा आम्हीच वाचला नव्हता. त्या फाइली आणून लेप्टोनिका पुन्हा बांधली आणि ओव्या पडद्यावर उमटू लागल्या. आम्ही हरखलो.

तिसऱ्या पानावर अडलो. बाडात माय आपल्या ‘ल्योका’ला हाक मारते, पडद्यावर ती ‘लोकां’ना हाक मारीत होती. मागे जाऊन पाहिले, तर ‘माज्या’चे ‘माझ्या’ झालेले. चौथ्या आवृत्तीपासून टेसरॅक्ट न्यूरल जाळ्याच्या आधारे वाचते, आणि ते जाळे ज्या मजकुरावर शिकले त्याच्या वळणाकडे झुकते. मागितल्यास प्रत्येक शब्दासाठी खात्रीचा आकडाही मिळतो. पण खात्री म्हणजे खरेपणा नव्हे. ‘लोक’ हा शब्द निर्दोष आहे, म्हणूनच तो नजरेतून निसटतो.

हा दोष यंत्राने आणलेला नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. जिथे पाठांत भेद असतो तिथे कठीण पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक, हे पाठचिकित्सेचे तत्त्व आपण वर्गात शिकवतो. न कळलेला शब्द जसाच्या तसा उतरवणाऱ्या लेखनिकापेक्षा, कळेल असा करून लिहिणारा लेखनिक अधिक घातक.

कंपायलर आमच्यावर दोन संध्याकाळी ओरडला, याचा तेव्हा राग आला होता. आज वाटते, तो प्रामाणिक वाचक होता: जे कळले नाही, तिथे थांबला. आता आमच्यातला एक जण बाडातून मोठ्याने वाचतो आणि दुसरा पडद्यावर बोट ठेवून ऐकतो. काम रोज चार पाने पुढे सरकते. परंतु त्या माउलीचा ल्योक आता ल्योकच राहतो.