जाळ बसेपर्यंत

एरवी पाण्याचा पेलाही हातात मागणारे वऱ्हाडातले पुरुष रोडग्यांचा, म्हणजे राखेत भाजायच्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत ठरला की बाह्या वर सारतात. कणीक मळणं, गोवऱ्या रचणं, मोठ्या गंजात वांग्याची भाजी ढवळणं हे सगळं त्यांच्याकडे जातं आणि बायका सूचना करायला मोकळ्या होतात. सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा डिसेंबरात भरते, जानेवारीभर चालते. तिथे राहुट्या ठोकून हंडीतलं मटण आणि रोडगे खायला माणसं लांबून येतात. नवस फेडायचा तर रोडगे, हिवाळ्यात शेतात पाहुणे जमले तर रोडगे. चार माणसांसाठी मात्र ते कोणी करत नाही. तेवढ्यासाठी गोवऱ्यांचा ढीग पेटवणं परवडत नाही.

असाच एक रोडगे भाजणारा कौंडण्यपूरचा, पेशानं लेखापरीक्षक. सहकारी संस्थांची दप्तरं तपासत अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, मोर्शी अशी त्याची फिरती चालते. एसटीत खिडकीची जागा मिळाली तर तो वाचतो, नाही मिळाली तर आदल्या दिवशीचं वाचलेलं मनात घोळवतो. सध्या त्याच्या थैलीत उद्धव शेळक्यांची ‘धग’ आहे. १९६० सालची ही कादंबरी त्यानं कॉलेजात वाचली होती. तेव्हा त्याला नायिका कौतिकचं दुःख दिसलं होतं. आता हिशेबनिसाच्या डोळ्यांना तिचा घरखर्च दिसतो: शिलाईचे किती आले, धान्याला किती गेले, उधारी कुठे थकली.

या खेपेला रोडग्यांना निमित्त आईच्या पंचाहत्तरीचं होतं. त्याची मुलगी पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मित्रमैत्रिणींच्या वाढदिवसांना केक करून देते. आजीसाठी तिनं मोठा केक करायचं ठरवलं. आजीनं फोनवरच निकाल दिला, “केक आण ना माय, पण जेवाले रोडगेच पायजे.”

रोडग्याचं काम गिरणीतच सुरू होतं. पोळीचं बारीक पीठ इथे चालत नाही. गहू रवाळ दळून आणावा लागतो. त्यात मीठ, ओवा, जिरं आणि तेलाचं कडकडीत मोहन. पाणी बेतानं घालत कणीक घट्ट मळायची, इतकी की मनगट बोलू लागलं पाहिजे. मग छोट्या गोळीला तेलाचं बोट लावून तिच्यावर एक पारी चढवायची, पुन्हा तेल, पुन्हा पारी. हे तेल थरांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून भाजलेला रोडगा फोडला की आत पदर सुटतात. घाईत नुसता गोळा वळून टाकला तर बाहेरून तो तसाच दिसतो, पण आत गच्च गड्डा राहतो.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० पासून मराठी स्वयंपाकाला वाटी-चमच्याचं माप घरोघर पोचवलं. मुलीकडे आजीची जुनी प्रत आहे आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटाही. तिनं बापाला विचारलं, “बाबा, एका किलोला पाणी किती?” दिवसभर आकड्यांत राहणाऱ्या या माणसाला सांगता येईना. गहू कोणता, दळण किती जाड, हवा कोरडी की दमट, यावर पाणी बदलतं. त्यानं तिच्या हातात कणीक दिली आणि बोटानं दाबायला सांगितलं.

खरी परीक्षा विस्तवाशी असते. वाळलेल्या गोवऱ्या रचून पेटवल्या की जाळ उठतो, धूर डोळ्यांत जातो आणि नवख्याला वाटतं की आता टाकावेत. आई खाटेवरून ओरडते, “जाळ बसू दे बाप्पा! जाळावर रोडगा भाजत नाई, करपते.” तिचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. गव्हातला स्टार्च साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून फुगू लागतो; पाव किंवा रोडगा आतून पूर्ण शिजायला गाभा ९५ अंशांच्या जवळ जावा लागतो. वरचं कवच तांबूस होऊन खमंग वास सुटतो तो त्याहून बऱ्याच जास्त उष्णतेवर. या क्रियेचं वर्णन लुई कामिय माय्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये केलं. ज्वाळेत कवच आधी जळतं आणि गाभा कच्चा राहतो. गोवरीचा विस्तव ज्वाळेशिवाय धुमसत राहतो, आणि राखेत हवा अडकलेली असल्यामुळे ती आच धरून ठेवते, हळूहळू सोडते. म्हणून रोडगे फुफाट्यात पुरायचे, वरून निखारे ओढायचे आणि मधूनमधून काठीनं परतायचे.

मुलीनं ओव्हनसाठी घेतलेला सळईचा थर्मामीटर पुण्याहून आणला होता. एका रोडग्याच्या पोटात तो खुपसला गेला, आकडा चढत गेला, आणि सगळी पोरं भोवती गोळा झाली. बाप आकड्याकडे बघत नव्हता. रोडगा वरून उकलला, काठीनं ठोकल्यावर पोकळ वाजला, तेव्हा त्यानं तो बाहेर ओढला. तिच्या यंत्रानंही तेच सांगितलं.

या कामात जाळ बसेपर्यंतचा आणि मग भाजून होईपर्यंतचा असा बराच वेळ हात रिकामे असतात, पण उठून जाता येत नाही. फोनही राखेच्या हातानं धरवत नाही. घरातल्या बातम्या अशाच वेळी निघतात. भावानं कपाशीच्या भावाचं सांगितलं. वहिनीनं तिच्या धाकट्याच्या परीक्षेचं. मुलीनं नोकरी बदलायचा विचार बोलून दाखवला, तोही कोणाच्या तोंडाकडे न बघता, निखारे सारता सारता. फोनवर यावर तिचे आणि बापाचे खटके उडाले असते. इथे त्याला रोडगे परतायचे होते, म्हणून तो ऐकत राहिला.

बोलता बोलता विषय नाथांवर गेला. एकनाथांनी ‘रुक्मिणीस्वयंवर’ १५७१ मध्ये काशीत पूर्ण केलं, आणि त्या कथेतलं रुक्मिणीचं माहेर म्हणजे वर्धा नदीकाठचं हेच गाव. इथूनच रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. ही परंपरा १५९४ पासूनची सांगतात. त्याच नाथांचं एक भारूड रोडग्यावर आहे. सासरा, सासू, दादला यांचा काटा काढलास तर रोडगा वाहीन, असा सौदा त्यातली सून भवानीशी करते. कीर्तनकार त्याचा अर्थ विकारांकडे नेतात. आईनं आपला अर्थ लावला, “सारेच गेले तं रोडगे खाईन कोन?”

पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षितांनी या गावाचं टेकाड खणलं, त्याचा अहवाल १९६८ साली निघाला. गावाच्या पोटात जुन्या वस्तीचे थर आहेत, हे इथल्या पोरांना शाळेत कळतं. जगात राखेतल्या भाकरीचा शोध त्याहून फार मागे जातो: जॉर्डनमधल्या शुबायका इथल्या चुलींत सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे भाकरीचे करपलेले तुकडे सापडले. शेती सुरू होण्याच्याही कितीतरी आधी तिथली माणसं रानटी धान्य कुटून भाजत होती. मुलीनं हे वाचून दाखवलं तेव्हा भावाची शंका वेगळीच होती: त्यांना वांग्याच्या भाजीशिवाय ते गिळलं कसं?

राख फडक्यानं पुसून, फोडून, वर तुपाची धार धरून रोडगे वाढले गेले. केक आधी कापला होता. पोरांनी तो संपवला आणि रोडग्यांनाही जागा ठेवली. उरलेले रोडगे दुसऱ्या दिवशी कुस्करून निम्मे गूळ-तुपात गेले, निम्म्यांना कांद्याची फोडणी बसली. काही मुलीनं पुण्याला नेले. तिथल्या फ्लॅटमध्ये गोवऱ्या पेटवता येणार नाहीत, म्हणून ओव्हनमध्ये रोडगे करून पाहायचा तिचा विचार आहे. तापमान किती ठेवायचं यावर बापलेकीचा वाद अजून चालू आहे. तो दर्यापूरच्या एसटीतून तिला मेसेज करतो की आधी कमी ठेव. ती म्हणते, बाबा, आकडा सांगा.