अंबिकेसमोर दहा महिन्यांची लेक



मागच्या उन्हाळ्यात आम्ही महिनाभर लंडनला मोठ्या नणंदेकडे राहून आलो. तिथे चौविहार कसा जमला, हे बऱ्याच जणींनी विचारलं. जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे अडचण काहीच आली नाही. डिसेंबरात मात्र चारच्या आत ताट उचलावं लागतं, असं ताई म्हणाल्या. खाण्यापिण्याचं सविस्तर पुढे कधी लिहीन. आज ब्रिटिश म्युझियमबद्दल लिहिते.

लेक तेव्हा दहा महिन्यांची होती. तिला घेऊन म्युझियमला जायचं म्हटल्यावर सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, दगड बघून तिला काय कळणार? त्यापेक्षा बागेत ने." बोलणं खोटं नव्हतं. पण आई झाल्यापासून माझं बघणंही तिच्या झोपेच्या वेळांत अडकलं होतं, आणि मला जायचं होतं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. हे म्युझियम १७५३ साली स्थापन झालं आणि १७५९ मध्ये लोकांसाठी उघडलं. कायमचा संग्रह बघायला तिकीट लागत नाही, म्हणून मूल रडलं तर पैसे वाया गेले असं वाटत नाही. बाबागाडीसाठी लिफ्ट आहे, बाळाचे कपडे बदलायची सोय आहे. मी मुगाच्या डाळीची पेज थर्मासमध्ये नेली होती. सगळं म्युझियम बघायचा हट्ट धरू नका. मी एकच दालन ठरवलं होतं, ३३ नंबरचं. आपल्याकडच्या मूर्ती तिथे आहेत.

माझं माहेर धुळ्याचं, देरावासी. सासर जळगावचं, स्थानकवासी. माहेरी पक्षाल-पूजा झाल्याशिवाय आईच्या तोंडात पाणी जात नसे. सासरी मूर्तीपूजा नाही. सामायिक, प्रतिक्रमण, महाराजसाहेबांचं व्याख्यान. लग्नानंतर मी दोन्ही आपलंसं केलं. पण त्या दालनात ओडिशातल्या एका शिळेवर ऋषभदेव आणि महावीर शेजारी शेजारी कायोत्सर्गात उभे दिसले, खाली बैल आणि सिंहाची लांछनं, आणि मला कळेना काय करावं. पायात बूट, काखेत मूल, आजूबाजूला फोटो काढणारी माणसं. हात जोडावेत की पाटी वाचून पुढे जावं?

जरा पुढे पांढऱ्या संगमरवराची अंबिका होती. आपल्या नेमिनाथ भगवंतांची शासनदेवी. मध्य प्रदेशातल्या धारची ही मूर्ती. तिला पुष्कळ लोक वाग्देवी म्हणजे सरस्वती मानतात आणि त्यावरून मोठा वाद चालू आहे, त्यात मी पडत नाही. तिच्या पायाखाली लेख आहे, संवत १०९१ चा, म्हणजे इसवी सन १०३४ चा. तो वाचणाऱ्या अभ्यासकांच्या मते त्यात म्हटलंय की भोजराजाच्या वररुचीने आधी वाग्देवी घडवून घेतली, मग तीन जिनमूर्ती, आणि त्यानंतर ही अंबा. मूर्ती घडवणाऱ्या कारागिराचं नाव मणथल, तेही त्यात आहे. धार म्हणजे आपल्या धुळ्याहून आग्रा रोडने सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की लागणारा मुलूख. इतक्या लांब येऊन शेजारीण भेटावी तसं मला झालं.

तिचे काही हात तुटलेले आहेत. आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. देरासरात असती तर ती केव्हाच गाभाऱ्यातून हलली असती. मग माझा प्रश्न आपोआप सुटला. ही पूजेची मूर्ती राहिलेली नाही. तिला ना पक्षाल, ना केशर. पण मनातला भाव ठेवायला कोणाची हरकत? मी उभ्या उभ्या तीन नवकार म्हटले आणि बाकावर बसले.

तेवढ्यात लेक भुकेने रडायला लागली. ओढणी घेऊन तिथेच पाजलं. त्या देशात २०१० च्या कायद्याने बाईला चारचौघांत बाळाला पाजण्याचं संरक्षण आहे; कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि पाजता पाजता मला अंबिकेची गोष्ट पहिल्यांदा नीट ऐकू आली.

गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. अग्निला नावाची ब्राह्मणाची बायको. घरी श्राद्धाचा स्वयंपाक झालेला. दारात मासखमणाच्या पारण्याचे मुनी आले. तिने भक्तिभावाने त्यांना वहोरावलं. ब्राह्मण जेवायच्या आधी अन्न दिलं म्हणून नवऱ्याने तिला दोन मुलांसकट घराबाहेर काढलं. ती गिरनारच्या वाटेला लागली. मुलं तहानभुकेने रडू लागली, तेव्हा कोरड्या तळ्याला पाणी आलं आणि वाळलेल्या आंब्याला फळं लागली. म्हणून तिच्या हातात आंब्याचा घोस असतो.

माझी आजी गोष्ट आंब्यापाशी संपवायची. पुढचं मी मोठेपणी वाचलं. पस्तावलेला नवरा तिला परत न्यायला मागून आला. त्याला पाहून ती इतकी घाबरली की तिने जीव दिला. मग ती देवी झाली, आणि तो मरून तिचं वाहन, सिंह झाला. कथेचे तपशील निरनिराळ्या ग्रंथांत थोडे वेगळे आहेत, पण भीती सगळीकडे आहे.

मांडीवर लेक असताना मला चमत्कारापेक्षा ते बंद दार दिसलं. स्वतः रांधलेलं अन्न न विचारता दिलं, एवढाच तिचा गुन्हा. कडेवर एक, बोटाशी एक, आणि परत जायला जागा नाही. तिच्या माहेराचा उल्लेख मी ऐकलेल्या कथेत कुठेच नाही. आपल्या ओळखीतही अशा मुली आहेत. लेकरू घेऊन माहेरी आलेल्या मुलीला "चार दिवस राहा, मग आम्ही समजावून पोचवतो" म्हणणारी घरं आपण पाहिली आहेत. आंब्याला फळं येईपर्यंत तिने वाट का पाहावी? दार आपणच उघडलं तर?

घरी आल्यावर मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मूर्तीचं तू आणि तुझी आई जाणे. पण ही गोष्ट पोरीला पूर्ण सांग."

म्हणून आता ठरवलंय. अंबिका बघायला विमानाचं तिकीट लागत नाही. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढलं की वेरूळ. तिथे ३२ नंबरच्या लेण्यात, इंद्रसभेत, ती आंब्याखाली सिंहावर बसली आहे, मांडीवर मूल घेऊन. आपण सहलीला जातो, कैलास बघतो आणि जैन लेणी लांब पडतात म्हणून परततो. या दिवाळीनंतर लेकीला तिथे नेणार आहे. आणि धुळ्याला गेलं की राजवाडे संशोधन मंडळाचं वस्तुसंग्रहालय. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच गेले, त्यांच्या मागे गावाने ही संस्था उभी केली. माझं अख्खं बालपण त्या गावात गेलं.

तान्हं मूल असेल तर सकाळी लवकर निघा, पेज आणि पाणी सोबत ठेवा, आणि एकच लेणं नीट बघा. कोणाला यायचं असेल तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत.