आमसुली

मराठीतील रंगांची नावे एका कागदावर लिहू लागलो, की थोड्याच वेळात आपण स्वयंपाकघरात येऊन पोहोचतो. हळदी, लिंबू, डाळिंबी, अंजिरी, वांगी, बदामी, गव्हाळ, दुधी, श्रीखंडी, आमसुली. राखाडी हा तर थेट चुलीतून उचललेला. ज्या खोलीने भाषेला इतके रंग पुरवले, त्या खोलीला स्वतःचा असा रंग मात्र कित्येक पिढ्या नव्हता. वाड्यातील स्वयंपाकघराच्या भिंती, मांडणी, फडताळे, दुभत्याचे जाळीचे कपाट या साऱ्यांवर धुराचा एकच थर चढलेला असे. त्या थराला कुणी रंग म्हणत नसे. ओट्याखालच्या कपाटांना कोणता रंग द्यावा हा प्रश्नच गॅस, सदनिका आणि प्लायवूड यांच्याबरोबर आपल्या घरात शिरलेला आहे.

गेल्या वर्षी तो आमच्याही घरात शिरला. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. रंगांच्या नावांविषयी वर्गात बोलण्याचा प्रसंग आम्हांला अनेकदा येतो. रंग निवडण्याचा क्वचितच. शेडकार्ड समोर आले तेव्हा आमचे पहिले लक्ष साहजिकच नावांकडे गेले. शेकडो छटा आणि त्यांची इंग्रजी नावे: कुठे ऋतू, कुठे शहर, कुठे एखादी मनःस्थिती. प्रत्येक नावाखाली एक क्रमांक. दुकानदाराला नावाशी काही कर्तव्य नव्हते. तो क्रमांक यंत्रात भरतो आणि पांढऱ्या मूळ रंगात थेंबाथेंबाने रंगद्रव्ये पडतात.

ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी १९६९मध्ये मूलभूत रंगवाचक शब्दांविषयी जो प्रबंध मांडला, तो भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. एखादा शब्द मूलभूत मानावा की नाही हे ठरवण्याचे त्यांनी जे निकष दिले आहेत, त्यांपैकी एक दुय्यम निकष असा, की जो शब्द मुळात एखाद्या वस्तूचेही नाव आहे तो संशयास्पद समजावा. उदाहरणे त्यांनी सोने, चांदी आणि राख यांची दिली आहेत. हा निकष मराठीला कठोरपणे लावला तर आमची अर्धी रंगपेटी संशयितांच्या यादीत जाते. जांभळा जांभळाकडून आला, तपकिरी तपकिरीच्या डबीतून, नारिंगी नारिंगाकडून, गुलाबी गुलाबाकडून. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्य असेलही. पण कपाट रंगवायचे असते तेव्हा हे संशयास्पद शब्दच उपयोगी पडतात, असा आमचा अनुभव आहे. त्या अनुभवाला कारण आमच्या आई.

येथे व्याकरणाचा एक लहानसा पेच आहे. आमच्यापैकी एकासाठी त्या जन्मदात्या आहेत, म्हणून ‘आई म्हणाली’. दुसरीसाठी सासूबाई, म्हणून ‘आई म्हणाल्या’. दोघांच्या वतीने लिहिताना आदरार्थी रूप घेतलेले बरे.

आईंचे वय एकोणऐंशी. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि काचबिंदूही, त्यामुळे तिथली शस्त्रक्रिया डॉक्टरांनी पुढे ढकललेली. दोन डोळ्यांनी त्यांना दोन वेगवेगळी घरे दिसतात. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि निळ्या छटा त्यात विझू लागतात. शस्त्रक्रियेत ते भिंग काढले की निळा रंग एकदम उसळून येतो. चित्रकार क्लोद मोने याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३मध्ये झाली, तेव्हा सारे फार निळे दिसते अशी तक्रार त्यानेही केली होती. आईंनी शेडकार्डावरील पांढऱ्या छटा आधी उजव्या डोळ्याने पाहिल्या, मग तो मिटून डाव्याने पाहिल्या आणि निर्णय दिला, “या डोळ्याला हे दूध आहे. त्या डोळ्याला दुधाचा चहा.”

काचबिंदूत आणखी एक गोष्ट घडते. लगतच्या दोन पृष्ठभागांमधील उजेड-अंधाराचा फरक टिपण्याची नजरेची क्षमता कमी होते. आमच्या ओट्यावर काळा कडप्पा आहे. त्यावर ठेवलेला लोखंडी तवा आईंना दिसेनासा झाला होता. पांढऱ्या लाद्यांच्या भिंतीवर वरची कपाटेही पांढरी. त्यांतील एकाचे दार उघडे राहिले असता ते त्यांच्या कपाळाला लागले आणि तीन टाके पडले. त्यानंतर भेटायला आलेल्या नातेवाइकांनी एकमुखाने सल्ला दिला, की आता आईंनी स्वयंपाकघरात जाऊ नये. सल्ला मायेचाच होता. ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ हे ज्या पिढीच्या स्त्रियांचे आयुष्य होते, तिला विश्रांती मिळावी असे कुणालाही वाटेल. पण आईंना ती विश्रांती नको होती. सकाळचा पहिला चहा स्वतः करून घेणे आणि पोळ्यांची कणीक स्वतः मळणे, एवढेच त्यांना हवे होते. त्यामुळे कपाटांचा रंग हा आमच्यासाठी सजावटीचा विषय उरला नाही. एका व्यक्तीचा स्वतःच्या घरातील वावर त्यावर अवलंबून होता.

दुकानात आणि परिचितांत आम्हांला जे सल्ले मिळाले ते प्रामुख्याने दोन प्रकारचे होते. एक, सारे पांढरे करा, खोली मोठी दिसेल. दोन, सारे करडे करा, मुठी काढून टाका, नव्या पद्धतीचे दिसेल. दोन्हींमध्ये ‘दिसेल’ हे क्रियापद होते. कुणाला दिसेल, हा कर्ता अध्याहृत होता. पांढऱ्यावर पांढरे आणि मूठ नसलेले करडे दार आईंसाठी जवळजवळ सपाट भिंतीसारखे झाले असते.

रंग आणि सोय यांचा संबंध काही नवा नाही. १९२६मध्ये मार्गारेटे शूट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने फ्रँकफर्टच्या गृहयोजनेसाठी जे प्रसिद्ध स्वयंपाकघर आखले, त्यात पावलांचा आणि मिनिटांचा हिशेब होता. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशा जागेत सारे काही हाताशी. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. त्यांतील कपाटे बहुधा निळसर-हिरव्या रंगाची असत, कारण निळ्या रंगावर माशा बसत नाहीत असा तेव्हाचा समज होता. समज खरा असो वा खोटा, रंगाला काहीतरी काम करायला लावले आहे हे लक्षणीय. ते आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असे त्या पुढे मोकळेपणाने सांगत. आमची परिस्थिती वेगळी होती. स्वयंपाकघर वापरणारी व्यक्ती समोर बसून एक डोळा मिटून शेडकार्ड तपासत होती.

याच सुमारास आम्ही जुनिचिरो तानिझाकी यांचा सावल्यांच्या स्तुतीचा निबंध पुन्हा वाचला. १९३३मधील तो निबंध साहित्याच्या विद्यार्थ्यांचा आवडता आहे. मंद उजेडातील लाखेची भांडी, त्यांतील सूप, अंधुक शौचगृह आणि तेथील शांतता. पांढऱ्या लाद्यांच्या झगझगाटाविषयीची त्यांची नापसंती आम्हांला पूर्वीही पटली होती, आजही पटते. परंतु या वेळी वाचताना एक प्रश्न सुटेना: त्या अंधुक उजेडात ते लाखेचे वाडगे धुतो कोण? सावलीचा आस्वाद घ्यायला सावलीतही पाहू शकणारा डोळा लागतो आणि उष्टी भांडी उचलून नेणारा दुसरा कुणीतरी. आईंचे बालपण कोकणातील अशाच काळोख्या स्वयंपाकघरात गेले. त्या म्हणतात, “काळोखात कसली आलीय शोभा? विंचू होते हो तिथे.” निबंधाचे सौंदर्य यामुळे कमी होत नाही, पण शिकवताना आता हे वाक्यही आमच्याबरोबर वर्गात जाईल.

निवड करताना आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगण्याजोगे आहे. पहिली गोष्ट ही, की रंगापेक्षा लगतच्या रंगाशी असलेला त्याचा फरक महत्त्वाचा. प्रत्येक छटा किती प्रकाश परत पाठवते याचे शून्य ते शंभर असे मोजमाप असते. ब्रिटनमधील सुगम इमारतींविषयीचे प्रमाणक लगतच्या पृष्ठभागांत सुमारे तीस अंकांचा फरक असावा असे सुचवते. आकडे हाताशी नसतील तर भ्रमणध्वनीवर कृष्णधवल छायाचित्र काढावे. लाल आणि हिरवा हे परस्परांहून कितीही वेगळे वाटोत, कृष्णधवल चित्रात ते अनेकदा एकाच करड्यात विरघळतात. दुसरी गोष्ट, शेडकार्डावरील बोटभर चौकोनावर विसंबू नये. तोच रंग दारभर पसरला की अधिक गडद भासतो, आणि खिडकीच्या उजेडात एक तर दिव्याखाली दुसराच दिसतो. प्लायवूडच्या तुकड्यावर दोन हात मारून तो सकाळी, दुपारी आणि रात्री त्याच जागी धरून पाहावा. तिसरी गोष्ट, चकाकी. ऑइल पेंटचा तुळतुळीतपणा पुसायला सोपा, पण त्यावर दिव्याची तिरीप उमटते आणि थकलेल्या डोळ्याला तेवढेच दिसते. अगदी मंद पोतावर हळदीचे डाग बसतात. म्हणून मधला, किंचित तकाकी असलेला पाण्यातला एनॅमल घेतला. बंद, अंधाऱ्या जागी जुना पांढरा ऑइल पेंट जसा पिवळा पडतो तसा तो पडत नाही. आईंचा प्रश्न एवढाच होता, “पुसता येईल ना?”

आता रंग. ओटा काळा, म्हणून खालची दारे फिकी हवीत. भिंत पांढरी, म्हणून वरची गडद. इथपर्यंत तर्क होता. पुढे शब्द लागला. खालच्यांसाठी आई ‘सायीचा’ म्हणाल्या आणि वरच्यांसाठी ‘आमसुली’. आम्ही शेडकार्डावर जांभळट तपकिरीची एक ओळ दाखवली. त्यांनी मान हलवली. “हा रातांबा झाला. मी आमसूल म्हणतेय.” रातांब्याची लाल साल उन्हात वाळते, रसाची पुटे चढत जातात आणि ती काळपट होते, कोकणातल्या माणसाला या दोन रंगांत गोंधळ करता येत नाही. शेवटी त्यांनी बरणीतले एक आमसूल लहानशा डबीत घालून आमच्याबरोबर दुकानात पाठवले. दुकानदाराला त्यात नवल वाटले नाही. लोक साडीचा काठ आणतात, उशीचा अभ्रा आणतात. त्याने आमसूल पालथे-उताणे करून पाहिले, कार्डावर तीन ठिकाणी ठेवले आणि चौथ्या ठिकाणी थांबला. तो क्रमांक यंत्रात गेला.

वरची गडद दारे खोली अंधारी करतील ही रंगारीबुवांची शंका रास्त होती. म्हणून त्या कपाटांच्या तळाशी दिव्याची पट्टी लावली. दारांच्या कडा मात्र सायीच्या रंगात घेतल्या, म्हणजे दार उघडे राहिले तर गडद पार्श्वभूमीवर त्याची उभी रेघ दिसते. खाली उलट: सायीची दारे, आमसुली मुठी. जुना थर कोरडा घासू दिला नाही, वॉटर पेपरने ओला घासून घेतला. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा भारतात २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, आणि आमची दारे त्याआधीची. न्हाणीघरातील आरशामागचे लहान कपाट बाहेरून सायीचे आणि आतून आमसुली केले, कारण आईंच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या पांढऱ्या आहेत.

याने नजर परत आली नाही, येणारही नव्हती. काचबिंदू आपल्या गतीने जातो, आणि एक दिवस या दोन रंगांतील अंतरही पुरेनासे होईल हे आईंनाही ठाऊक आहे. तूर्त त्या सकाळी साडेपाचला उठतात, पट्टीचा दिवा लावतात, आणि चहाचा डबा कुणालाही न विचारता काढतात.

राहता राहिला शब्दांचा प्रश्न. वस्तूवरून आलेले रंगनाम संशयास्पद मानावे, हा निकष भाषांची तुलना करताना उपयोगी आहे. पण शेडकार्डावरील नाव कुणाच्याही ओळखीचे नसते आणि क्रमांक फक्त यंत्राच्या ओळखीचा असतो. ‘आमसुली’ म्हटल्यावर मात्र ज्यांनी आमसूल हाताळले आहे त्या दोन माणसांना वाद घालता येतो: रातांबा की आमसूल, यंदाचे की जुने. वाद घालता येतो म्हणून निवड करता येते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी अबोलीचे फूल पाहिलेले नाही. त्यांच्यासाठी ‘अबोली’ हाही आता शेडकार्डावरील एक शब्द होत चालला आहे. पाठ्यपुस्तकातील रंगवर्णन शिकवताना अर्थ सांगण्याऐवजी ती वस्तूच वर्गात न्यावी, असे अलीकडे आम्हांला वाटू लागले आहे. आमसुलापासून सुरुवात करायला हरकत नाही. ते स्वस्त आहे आणि डबीत मावते.