माथेरानची चढण, चाळिशीची उतरण

मराठी भाषेने चाळीस या आकड्याला जेवढा मान दिला आहे तेवढा दुसऱ्या कुठल्याही आकड्याला दिलेला नाही. चाळिशी म्हणजे वय आणि चाळिशी म्हणजे चष्माही! एकाच शब्दात दुखणे आणि इलाज दोन्ही बांधून देणारी भाषा विरळाच. पण ही सोय फक्त डोळ्यांपुरती झाली. त्यानंतर पाच-सात वर्षांनी बाईच्या सगळ्या शरीरातच जी उलथापालथ सुरू होते, तिच्यासाठी कोशात 'रजोनिवृत्ती' असा एक भारदस्त शब्द तेवढा आहे. तो ऐकला की कुणा मामलेदारसाहेबांना शाल-श्रीफळ देऊन निरोप देत असल्यासारखे वाटते. घरात बायका 'तिचं गेलं' एवढेच म्हणतात. काय गेले आणि जाताना काय काय घेऊन गेले, हे कुणी विचारीत नाही.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. वय सत्तेचाळीस. वीस वर्षे ज्या शब्दांच्या जिवावर पोट भरले, तेच शब्द गेल्या वर्षापासून ऐन वर्गात दगा देऊ लागले. 'उत्प्रेक्षा' समजावून सांगताना ती ओठांवर यायची आणि तिथेच बसून राहायची. रात्री दोनला जाग यायची ती पहाटेपर्यंत. मध्येच छातीपासून कानशिलापर्यंत जाळ उसळायचा आणि डिसेंबरात मी पंखा लावला की 'हे' बिचारे पांघरूण घेऊन दिवाणखान्यात जायचे. त्याच सुमारास प्राचार्यांनी विभागप्रमुखपदाविषयी विचारले. 'मला जमायचे नाही' असे मनाशी मी ठरवूनही टाकले होते.

माझी एक शाळासोबतीण डॉक्टर आहे. तिने आधी रक्त तपासायला लावले. थायरॉइड बिघडले तरी झोप, वजन, मनःस्थिती यांचे असेच हाल होतात आणि पुष्कळ बायका 'वयाचेच आहे' म्हणून ते दुखणे अंगावर काढतात, असे तिचे म्हणणे. सुदैवाने माझे थायरॉइड शहाण्यासारखे वागत होते. साखर मात्र जरा वर सरकलेली आणि 'ड' जीवनसत्त्व तळाला गेलेले. 'ड'साठी तिने गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाली, "आता चार दिवस अशा ठिकाणी जा, जिथं तुला चालावंच लागेल." महाराष्ट्रात असे ठिकाण एकच. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे माथेरानला निघालो.

नेरळला कर्जत लोकलमधून उतरले की समोर ती खेळण्यातली वाटणारी गाडी उभी असते. दोन फुटी रुळांवरची ही गाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या पैशाने बांधून १९०७ साली सुरू केली. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी स्टेशने घेत, नागमोडी वळणे काढीत ती सुमारे वीस किलोमीटर चढते. आम्हांला तिचे तिकीट मिळाले नाही, म्हणून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. तिथे मोटारीचे राज्य संपते. पुढे गावात रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब सोडले तर मोटारीला मज्जाव. घोडा आहे, अलीकडे प्रयोगादाखल विजेवरच्या रिक्षाही आल्या. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिला, हे फार बरे झाले. बाकी आपले दोन पाय आहेतच.

सामान घ्यायला एक ठाकूर बाई पुढे आली. माझ्याच वयाची असावी. काटक, चेहऱ्यावर उन्हाचे जाळे. आमच्या दोन्ही बॅगा तिने डोक्यावर चढवल्या आणि लाल मातीच्या वाटेने अशी निघाली की मोकळ्या हातांनी चालणारे आम्ही दोघे तिच्या मागे धापा टाकू लागलो. अर्ध्या वाटेत मला तो ठरलेला जाळ आला. मी एका जांभळीखाली बसले आणि पदराने वारा घेऊ लागले. ती वळली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ताई, वणवा व्हय? मलाबी यायचा. रातचं दार उघडून वट्ट्यावर बसायची."

वणवा! वीस वर्षे साहित्य शिकवूनही मला हा शब्द सुचला नव्हता.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी हे ठिकाण 'शोधून काढले' असे पुस्तकांत लिहिलेले असते. ठाकूर-कातकऱ्यांना ते आधीपासून ठाऊकच होते, पण त्यांनी पुस्तक लिहिले नाही, एवढाच फरक. पुढे साहेबांनी आणि मुंबईच्या धनिकांनी बंगले बांधले, आपल्या मडमांची आणि साहेबांची नावे कड्यांना आणि तळ्याला दिली: लुईझा, अलेक्झांडर, शार्लट. आणि याच गावात १९१२ साली एका नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल कोतवाल त्याच साहेबाविरुद्ध उठले आणि १९४३ च्या २ जानेवारीला सिद्धगडावर हुतात्मा झाले. गाव आकाराने लहान, पण त्याच्या वाट्याला इतिहास बराच आला आहे.

माथेरानची रात्र हा मुंबई-पुण्याच्या माणसाला मिळणारा एक धडाच आहे. आठ वाजता बाजार मंदावतो, नऊला झाडांखाली मिट्ट काळोख. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवर असल्याने खालच्यापेक्षा हवा चार-पाच अंशांनी गार. डॉक्टरणीने सांगितले होते ते इथे पटले. काळोख पडला की मेंदूतली एक इवलीशी ग्रंथी मेलॅटोनिन सोडते आणि शरीराला निजायची वेळ कळते. आपण रात्री अकरापर्यंत डोळ्यांपुढे उजेड धरतो आणि मग झोप येत नाही म्हणून तक्रार करतो. दुपारी चारनंतर चहा घ्यायचा नाही, असेही तिने बजावले होते. तो एक उपदेश सोडला तर बाकी सारे मी पाळले आणि पहिल्याच रात्री सलग पाच तास झोपले.

जाग आली तेव्हा बाहेर गारवा होता. व्हरांड्यात येऊन बसले आणि एकाएकी आत्या आठवली. आमच्या वाड्यातली ही आत्या ऐन पौषात अंगणात खाट टाकून निजायची. भांडे वाजले तरी रडायची, कधी पदर फेकून विहिरीवर जाऊन डोक्यावर पाणी ओतायची. तेव्हा तिचे वय अठ्ठेचाळीस असेल. वाड्याने निदान केले की तिला बाहेरचे काही लागले आहे. अंगारे झाले, धुपारे झाले. मग 'डोके फिरले' म्हणून तिच्या हातून स्वयंपाक काढून घेतला. दोन-तीन वर्षांनी ती आपोआप शांत झाली, पण पुन्हा कधी चार माणसांत मोकळेपणाने बोलली नाही. तिला वेड लागले नव्हते. तिच्या अंगात वणवा होता, आणि एवढ्या मोठ्या वाड्यात तिला तसे सांगणारे कुणी नव्हते.

'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली रूढ केला. त्याचे ग्रीक मूळ 'चालना देणे' अशा अर्थाचे. आपल्याकडे कुणा रसिकाने त्याला 'संप्रेरक' केले. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात प्रेरणा आहे. रक्तातून निघालेली ही जणू टपालखात्याची पत्रे. बीजांडकोशातून निघणारे इस्ट्रोजेन नावाचे पत्र मेंदू, हाडे, त्वचा, रक्तवाहिन्या अशा किती पत्त्यांवर जात असते! चाळिशीच्या उत्तरार्धात हे टपाल आधी अनियमित होते. एक दिवस ढीगभर, दुसऱ्या दिवशी काहीच नाही. मेंदूतला उष्णता राखणारा कारकून गोंधळतो, जरासे उकडले तरी आग लागल्याची घंटा वाजवतो. हाच तो वणवा. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असे डॉक्टर धरतात. जगात याचे सरासरी वय एकावन्नच्या आसपास, आपल्या देशात चार-पाच वर्षे आधी. त्या सुमाराची काही वर्षे हाडे भराभर विरळ होतात, म्हणून त्या काळात हाडांना काम द्यायचे आणि दूध, नाचणी, तीळ यांचा खुराकही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पॅनोरमा पॉइंटला निघालो. दाट झाडी, पायाखाली लाल धूळ, मध्येच माकडांची टोळी आपल्या पिशवीकडे सावकारासारखी पाहणारी. टोकाला पोचलो तेव्हा खाली नेरळ धुक्यात बुडालेले होते आणि सूर्य नुकता वर येत होता. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोपही ताळ्यावर येते, हे मला नंतर कळले. त्या वेळी नुसते बरे वाटले. 'ह्यां'चे पोट त्यांच्या आधी पॉइंटवर पोचले होते. पुरुषांचे संप्रेरक असे एकदम रजा घेत नाही. ते वर्षाला थोडे थोडे कमी होते, म्हणून त्यांच्या उतरणीचा गाजावाजा होत नाही इतकेच. मी त्यांना म्हटले, "जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर स्नायू उचलून घेतात, म्हणे." ते म्हणाले, "मग भजी खाऊन चालू या." इथे वाद संपला.

आठवड्याला निदान दीडशे मिनिटे भराभर चालावे आणि दोन दिवस स्नायूंना वजनाचे काम द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माथेरानात हे दीडशे मिनिटांचे खाते दुसऱ्या दिवशी दुपारीच भरले. संध्याकाळी लुईझा पॉइंटवर प्रबळगडाच्या माथ्यावर सोनेरी ऊन पाहत बसलो असताना जाणवले की दिवसभरात मला एकच वणवा आला होता, आणि 'उत्प्रेक्षा' हा शब्द मी सबंध दिवसात एकदाही विसरले नव्हते. अर्थात एकदाही वापरला नव्हता, हेही खरे!

निघायच्या दिवशी तीच बाई सामान न्यायला आली. या वेळी मी हळू चालले, ती माझ्याबरोबर. तिच्या कष्टाला 'व्यायाम' म्हणण्याचा निर्लज्जपणा माझ्याच्याने झाला नसता. भार वाहून हाडे बळकट होतात हे खरे, पण पोटात कोरा चहा आणि भाकरी, गुडघ्यांना विसावा नाही, अशा शरीराकडून तो भार किती वसुली करतो हे तिच्या उतरत्या पावलांत दिसत होते. मी विचारले, "तुमचं बंद होऊन किती दिवस झाले?"

"दोन वरसं झाली असतील. पन ताई," ती आवाज खाली करून म्हणाली, "होळीपास्नं कधीमधी परत जातंया. वाटलं, पुन्ना तरणी झाली."

ती हसली. मला हसू आले नाही. डॉक्टरणीच्या सगळ्या बोलण्यातले एकच वाक्य तिने दोनदा सांगितले होते: पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर रक्त दिसले तरी थांबायचे नाही. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण कधी कधी तीच गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली हाक असते, आणि लवकर ऐकली तर इलाज होतो.

दस्तुरी नाक्यावर बॅगा उतरल्यावर मी तिला कट्ट्यावर बसवले आणि हे सगळे सांगितले. कोशातला एकही शब्द न वापरता, वणवा, पिशवी, अस्तर, गाठ अशा तिच्या-माझ्या शब्दांत. शब्द कुठे अडखळला नाही. तिची लेक कर्जतला कामाला होती. तिला फोन लावला. दोघींनी मिळून सरकारी दवाखान्यात जायचे कबूल केले. टॅक्सी खाली उतरत असताना 'हे' म्हणाले, "वर्गात असंच शिकवतेस का?" मी म्हटले, "आता शिकवीन."

परतल्यावर डॉक्टरणीकडे गेले. औषधरूपाने संप्रेरके घ्यावीत का, हेही विचारले. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीने या उपचाराचा सगळ्यांनीच धसका घेतला होता. पुढे आकडे वयाप्रमाणे वेगळे करून पाहिले तेव्हा चित्र बरेच बदलले. साठीच्या आतली, पाळी जाण्याच्या सुमारातली निरोगी बाई असेल आणि त्रास फार असेल तर फायदा तोट्याहून मोठा असू शकतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर सहसा नको. हा निर्णय शेजारणीने किंवा जाहिरातीने घ्यायचा नाही, डॉक्टरने आणि आपण मिळून घ्यायचा. आम्ही तूर्त चालणे, नाचणी, 'ड'च्या गोळ्या आणि रात्रीचा काळोख एवढ्यावर भागवायचे ठरवले आहे. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. वणवे थांबलेले नाहीत, पण आता मला त्यांचे नाव ठाऊक आहे.

महिन्याभराने कर्जतहून त्या लेकीचा फोन आला. अस्तरावर एक साधी गाठ होती, ती काढली. तपासणीत वाईट काही निघाले नाही. मागून आईचा आवाज ऐकू आला, "ताईला सांग, तरणी नव्हती झाली!"

त्या आठवड्यात मी प्राचार्यांना होकार कळवला, आणि माझ्या एकवीस वर्षांच्या मुलीला समोर बसवून आत्याची हकीकत सांगितली. ती म्हणाली, "आई, हे आधी का नाही सांगितलंस?" या प्रश्नाला आमच्या घराण्यात तीन पिढ्यांचे उत्तर तुंबून राहिले आहे.

वाचकहो, दिवाळीचा फराळ अंगावर चढल्यावर माथेरानची आठवण ठेवा. आणि भगिनींनो, दस्तुरी नाक्यावर आपले ओझे दुसऱ्या बाईच्या डोक्यावर द्यावे लागलेच, तर मजुरीत घासाघीस करू नका, आणि वाटेत तिला तिच्या तब्येतीचे जरूर विचारा.