सापडलं नाही, हे नीट सांगणं

गुलमंडीवर एखादं दुकान विचारत गेलात आणि ते तिथून हललेलं असलं, तर शेजारचा दुकानदार नुसतं ‘नाही’ म्हणत नाही. “ते आता सिडकोत गेलं भाऊ, पैठण गेटवरून रिक्षा धरा,” असं सांगतो. सर्व्हरवर ४०४ चं, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ असं सांगणारं, पान बसवताना माझ्या डोळ्यांपुढे तो दुकानदार असतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या औरंगाबाद शहराच्या नव्या नावाला केंद्राची मान्यता मिळाली. त्यानंतर एका शिक्षणसंस्थेच्या साइटवरचे पत्ते बदलायचं काम माझ्याकडे आलं. ज्या पत्त्यांत ‘औरंगाबाद’ होतं ते सगळे मोडले, आणि व्हॉट्सअॅपवर मात्र जुन्याच लिंक फिरत राहिल्या. दिवस प्रवेशाचे. सिल्लोडच्या एखाद्या मुलीनं मोबाईलवर लिंक दाबली, की पांढऱ्या पानावर ‘नॉट फाउंड’. प्रवेश संपले, असंच तिला वाटणार.

म्हणून मराठी पान लिहिलं: हे पान हलवलं आहे, प्रवेश सुरू आहेत, अर्ज इथे, कार्यालयाचा फोन हा. अपाचे या वेब सर्व्हरमध्ये ते जोडायला ‘एररडॉक्युमेंट’ची एक ओळ पुरते. त्या ओळीत मी पानाचा पूर्ण पत्ता लिहिला, डोमेनसकट. पान सुंदर दिसलं, पण काम चुकलं होतं. पूर्ण पत्ता दिला की अपाचे ब्राउझरला ३०२ देऊन तिकडे पाठवतो आणि तिथे २०० मिळतो, म्हणजे ‘सगळं ठीक’. माणसाला पान नाही म्हणून सांगितलं, सर्च इंजिनला मात्र आहे म्हणून. स्लॅशपासून सुरू होणारा साधा मार्ग लिहिला, तेव्हा पान तेच राहिलं आणि ४०४ खरा झाला. तेव्हापासून डोळ्यांना काय दिसतं यावर मी थांबत नाही. ‘कर्ल’ या कमांडनं सर्व्हरच्या उत्तराचा हेडर पाहतो.

५०० चं, म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड झाल्याचं, पान याहून नाजूक. अनेकदा डेटाबेस बंद पडलेला असतानाच ते लागतं, म्हणून त्यात डेटाबेसमधून येणारा मेनूसुद्धा नको. साधी एचटीएमएल फाइल, रंगरूप तिच्यातच, वर यूटीएफ-८ ची नोंद, नाहीतर ऐन वेळी मराठीचा भुगा होतो.

मग रोज लॉगमधले ४०४ चाळू लागलो. माहितीपुस्तिकेचा जुना पत्ता सर्वांत जास्त येत होता, त्याला ३०१ लावून नव्या जागी नेलं. पुढे वसतिगृहाचा अर्ज, मग शुल्काचा तक्ता. महिनाभरात यादी बरीच आटली. एक पत्ता मात्र रोज येत राहिला, शेवटची दोन अक्षरं तुटलेला. कुठल्याशा छापील पत्रकावर तो तसाच गेला असावा. त्यालाही ३०१ लावला.